जेवण निर्धोक कसे उरकावे : ओझरकरांसाठी सुधारित कार्यपद्धती

(ही आवृत्ती संध्याकाळच्या बातम्या लागेपर्यंतच ग्राह्य धरावी.)

साहित्य : बाजरीची भाकरी, भाजी, कांदा, चहा, हंगाम असल्यास द्राक्षे. शिवाय भिंतीवरचे घड्याळ, वजनकाटा, वाचायचा चष्मा आणि किमान तीन व्हॉट्सअॅप ग्रुप. भूक ऐच्छिक.

१. आधी पंथ निवडा. महाराष्ट्रात दोन मान्यताप्राप्त पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत आल्या, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. दोन्हीकडचे लोक आपापला कमी झालेला कंबरेचा घेर पुरावा म्हणून दाखवतात, त्यामुळे वाद मिटायची आशा नाही. सासरे दीक्षित आणि चिरंजीव दिवेकर अशी घरे एचएएल कॉलनीतही सापडतील. तिथे सूनबाईंनी सासऱ्यांचे ताट आणि नवऱ्याचे डबे सांभाळावेत आणि उरलेसुरले दुपारी तीनला ओट्यापाशी उभ्यानेच खावे. या तिसऱ्या पंथावर अजून पुस्तक आलेले नाही.

२. चहाला मुहूर्त शोधा. मे २०२४ मध्ये आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १७ आहारसूत्रे जाहीर केली. जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असे त्यांत आहे. चहातले टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. कारण रास्तच आहे. आता तुम्ही दिवेकर पंथाचे असाल तर हिशेब मांडा. नऊला खाल्ले, अकराला पुन्हा खायचे. म्हणजे चहा बरोबर दहाच्या ठोक्याला, आणि तोही एका घोटात. ज्या गावात मिग आणि सुखोई विमाने जुळवली गेली, तिथे एवढी अचूकता जड जाऊ नये. पाहुणे दहा वाजून दोन मिनिटांनी टेकले तर त्यांना पाणी द्यावे.

३. समोसा खाण्यापूर्वी खुलासा वाचा. २१ जून २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी इतर खात्यांना पत्र लिहिले : कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावा, सरकारी कागद-लिफाफ्यांवर आरोग्यसंदेश छापा. पत्र साधे, म्हणून बातमीच्या कामाचे नव्हते. जुलैत त्याला फोडणी बसली : समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा, सुरुवात नागपूरच्या एम्सपासून! मग सरकारने खुलासा केला की असा कुठलाही इशारा विक्रेत्यांवर लादलेला नाही, फलक फक्त कार्यालयांसाठी आहेत. इशारा गाजला, खुलासाही गाजला. फलकावर काय लिहिले होते ते मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही. ओझरजवळच्या दहाव्या मैलावर गरम समोसा वर्तमानपत्राच्या तुकड्यात मिळाला, तर आधी तुकडा वाचावा. हीच बातमी असेल, तर तेल मथळ्यापासून जिरायला लागते. अन्न वर्तमानपत्रात बांधू नका, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा इशारा वेगळा आहे. तो समोसा संपल्यावर वाचायला मिळतो.

४. जुने इशारे फेकू नका. १९६८ पासून अमेरिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा सांगितली जात होती. तिच्या धाकाने आपल्याकडेही अंड्यातला पिवळा बलक बाजूला निघायला लागला. २०१५ च्या नव्या अमेरिकी आहारसूत्रांतून ती मर्यादा वगळली गेली. मधल्या काळात टाकलेल्या बलकांची भरपाई कुठे मागायची, याचा अर्ज उपलब्ध नाही. दुधाचे तर त्याहून झटपट झाले. एफएसएसएआयने २१ ऑगस्ट २०२४ रोजी पाकिटांवरचे ए-१, ए-२ दुधाचे दावे काढायला सांगितले आणि २६ ऑगस्टला तो आदेशच मागे घेतला. दूध नासायला त्याहून कमी वेळ लागतो खरा, पण फार कमी नाही.

५. द्राक्षे धुवा, मग काळजी करा. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे अडवली होती. युरोपला जायचा माल आजही आधी प्रयोगशाळेतून जातो. आपल्या वाट्याच्या घडांसाठी प्रयोगशाळा म्हणजे मिठाच्या पाण्याचे पातेले, आणि प्रमाणपत्र म्हणजे फॉरवर्ड झालेला मेसेज. पाण्यात मीठ घालताना जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा आठवून हात आखडू नये. ती खाण्यासाठी आहे.

६. पाकीट उलटे करा. वेफर आणि बिस्किटांत साखर, मीठ, चरबी किती, ते मागच्या बाजूला छापलेले असते. चष्मा साहित्यात त्यासाठीच सांगितला आहे. हीच माहिती पुढच्या बाजूला ठसठशीत यावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली आणि जुलैत आणखी तीन महिने वाढवून दिली. म्हणजे ज्या महिन्यात कढईतल्या समोशाची देशभर शोभा झाली, त्याच महिन्यात पाकिटाला मुदतवाढ मिळाली. कढईवाल्याकडे वकील नसतो आणि खाणाऱ्याकडे फक्त जीभ असते. आवरायला तीच सर्वात स्वस्त पडते.

विशेष सूचना : ओझरच्या खंडोबाच्या यात्रेत वरील कलमे लागू नाहीत. आषाढापासून वांगी आणि कांदा बंद, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू, हा आहारनियम पाळणारी घरे इथे आहेत. त्याला सुरुवातीची तिथी आहे, शेवटची तिथी आहे आणि मधे खुलासा येत नाही. लासलगावचा कांदाबाजार ज्या निफाड तालुक्यात आहे तिथेच राहून जी माणसे जवळपास पाच महिने कांद्याला हात लावत नाहीत, त्यांना संयमाचे धडे देणाऱ्या फलकासाठी खिळा त्यांच्याच भिंतीत ठोकण्यापूर्वी तो आधी वेफरच्या कारखान्यात ठोकून पाहावा.