टोमॅटोस अटक करण्याची रीतसर पद्धत

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पिंजरा ही वस्तू सहसा वनविभागाकडे असते. तो गाडीवरून येतो, त्याच्यामागे पथक येते आणि पथकामागे अख्खा गाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात ‘सीटी-१’ हा वाघ बेशुद्ध करून पकडला गेला, तेव्हा त्याच्या नावावर १३ माणसांचे बळी होते. अशा मुलखात कोणी घरामागच्या सांदवाडीत टोमॅटोसाठी पिंजरा बांधू लागला, तर शेजारी कुंपणावरून डोकावणारच. त्यांच्या शंकांना तोंड देता यावे आणि कारवाईत त्रुटी राहू नये, म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम आरोपीची ओळख. इकडे, म्हणजे झाडीपट्टीत, ज्याला भेदरं म्हणतात ते हे झाड लावणीनंतरचे पहिले काही दिवस अत्यंत सज्जन दिसते. मग ते हातपाय पसरते, फळांचे वजन आले की आडवे होते आणि मातीत लोळू लागते. मातीला टेकलेल्या पानांवर करपा लवकर चढतो, टेकलेली फळे सडतात. काही झुडपी वाण ठरावीक उंचीला थांबतात. ‘पुसा रुबी’सारखे वाण मात्र वाढतच राहतात, त्यांना थांबणे माहीत नाही. म्हणून अटक रोप गुडघ्याला लागायच्या आत व्हावी. मोठ्या झाडाला पिंजऱ्यात कोंबताना निम्म्या फांद्या मोडतात, आणि पंचनाम्यात ते बरे दिसत नाही.

मुहूर्तही महत्त्वाचा. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. टोमॅटोचा फुलोरा ३५ अंशांपलीकडेच गळू लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात पिंजरा बांधणाऱ्याला आत ठेवायला कैदी मिळत नाही. पावसाळा ओसरला की लावणी करावी, म्हणजे थंडीत फळ येते. नेमका तोच वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम. झाडीपट्टीतला प्रेक्षक रात्रभर मांडी घालून नाटक पाहतो, त्यामुळे पिकलेल्या टोमॅटोचा तिकडे काही उपयोग होईल अशी आशा उत्पादकाने ठेवू नये.

आता साहित्य. इथे कोणीही जाणता माणूस विचारेल की बांबूच्या जिल्ह्यात लोखंडी जाळी कशाला? प्रश्न रास्त आहे. नारायणगावकडचे टोमॅटोवालेसुद्धा बांबू, तार आणि सुतळीवरच पीक उभे करतात, आणि इथला मानवेल तर जवळजवळ भरीव असतो. पण बांबूची कायदेशीर प्रकृती नाजूक. वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड ठरवले. झाड म्हटले की तोडायला परवानगी आणि वाहतुकीला पास. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला होता. तरी वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना खुद्द मेंढ्याला यावे लागले. जंगलाबाहेर वाढणारा बांबू तर २०१७ च्या अखेरीस, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर, पुन्हा गवत झाला. नव्वद वर्षे झाड म्हणून काढल्यावर त्याला हा बदल कितपत जाणवला असेल, देव जाणे.

टोमॅटोची कुंडलीही अशीच. तो फळ आहे, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण अमेरिकेत आयात भाजीवर जकात होती आणि फळांवर नव्हती, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये त्याला भाजी ठरवले. लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, असे कारण दिले. थोडक्यात, बांबूचा पिंजरा करून त्यात टोमॅटो लावणे म्हणजे न्यायालयाने भाजी केलेल्या फळाला, कायद्याने झाड केलेल्या गवताने बांधणे. एवढा गुंता ज्याला झेपत नाही, त्याने जाळी घ्यावी. लोखंड हे सर्व कायद्यांत लोखंडच आहे.

दुकानात ‘वेल्डेड जाळी’ मागावी, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी. तार दहा गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे ध्यानात ठेवावे. मोठा आकडा ऐकून खूश होणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फार आवडते. जस्ताचा मुलामा वेल्डिंगनंतर दिलेला असेल तर उत्तम, नाहीतर गंज जोडांपासून सुरू होतो. भोके चार इंचांची हवीत. दोन इंचांच्या जाळीतून हात कसाबसा आत जातो, पण टोमॅटो मुठीत आला की बाहेर निघत नाही. चण्याच्या मडक्यात हात अडकलेल्या माकडाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. झाडावर बसलेल्या वानरांसमोर तिचा प्रयोग करू नये.

आता गणित. आठ फूट म्हणजे ९६ इंच. त्याचे बत्तीस-बत्तीस इंचांचे तीन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा मधोमध, फळीच्या कडेवर दाबून, काटकोनात वाकवावा. असे दोन काटकोन समोरासमोर ठेवले की सोळा इंचांचा चौकोनी पिंजरा झाला. दोन जाळ्यांत तीन पिंजरे बसतात, वाया काही जात नाही. कापताना कटर उभ्या तारेला चिकटून चालवावा, म्हणजे एका बाजूला चार इंचांची शेपटे उरतात. ती शेजारच्या तारेवर वळवली की आकडे होतात. जिथे शेपूट नाही तिथे बाइंडिंग वायर. सर्वांत खालची आडवी तार कापून काढावी, तिच्यावरची टोके मातीत रुततात. तेवढ्यावर मात्र भिस्त ठेवू नये. फळांनी लदलेले झाड वाऱ्यात पिंजऱ्यासकट कोलमडते, म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दहा मिलिमीटरची तीन फुटी सळई निम्मी ठोकून तिला पिंजरा बांधावा. पुसा रुबीवाल्याने वर दुसरा पिंजरा चढवण्याची तयारी ठेवावी.

नंतरचे काम जेलरचे. बाहेर डोकावणाऱ्या फांद्या आठवड्यातून एकदा आत वळवायच्या आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने खुडायची. हा पिंजरा झाडाला आत ठेवतो, कोणाला बाहेर ठेवत नाही. वानराला तो शिडी वाटतो, रानडुकराला तो दिसतही नाही.

म्हणून काही जण लोखंडी तार पाहून त्यात वीज सोडण्याचा विचार करतात. असे करू नये. एप्रिल २०१७ मध्ये ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ नागभीड तालुक्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. अशा तारांनी माणसेही मेली आहेत. डुकरांचा त्रास असेल तर झटका देऊन सोडणारे सौर कुंपण घ्यावे. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या गावांना त्यासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानही मिळते.

मार्चअखेर झाड सुकले की शेपटे उघडून काटकोन सुटे करावेत. ते एकात एक बसतात आणि न्हाणीघरामागच्या भिंतीला टेकून पावसाळ्यापर्यंत राहतात. जूनमध्ये शेजारी दोडक्यासाठी एखादा मागायला येईल. देताना सळया मोजून द्याव्यात. जाळी परत येते, सळई येत नाही.