आठ सेकंदांचे फाळके

अहो, काय चाललंय काय हे? गणेशपुरीला पूर्वी माणसं कशाला यायची? भगवान नित्यानंदांच्या समाधीपुढे डोकं टेकायला आणि भीमेश्वराशेजारच्या गरम कुंडात अंग शेकायला. आता? पाय कुंडात, मान मोबाईलमध्ये! वाफेचा फोटो काढला रे काढला, की एआयला फर्मान: ‘ह्याचं अ‍ॅनिमेशन कर!’

बरं, नुसत्या फर्मानानं भागतंय होय? व्हिओ ३ नावाचं एआय एका दमात देतं आठ सेकंदांचा व्हिडिओ. मिनिटभराच्या व्हिडिओला आठेक तुकडे जोडा. आणि दर तुकड्यात आजोबा नवे! पहिल्यात टोपी, दुसऱ्यात दाढी, तिसऱ्यात हाताला सहा बोटं. म्हणून मग स्टोरीबोर्ड! ज्यानं उभ्या जन्मात वाणसामानाची यादी धड केली नाही, तो जावई वहीत चौकटी आखून बसलाय. शॉट एक, लांबून तानसा नदी. शॉट दोन, कॅमेरा कुंडावर. शॉट तीन, आजीच्या नथीचा क्लोजअप. चहाचं पार पाणी झालं, पण शुद्ध कुणाला आहे?

एवढं करून यंत्राला आपलं कुंड कळावं ना! ‘उकळतं पाणी’ लिहिलं, ज्वालामुखी फुटला. ‘कोमट’ लिहिलं, निळ्या टाइल्सचा स्विमिंग पूल आला. आजीला नऊवारी मागितली तर अंगावर लेहंगा! आता आजी आकाशपाताळ एक करणार ना? छे! चष्मा पुसून म्हणते, ‘रंग बरा आहे, पदर तेवढा घ्यायला सांग त्याला.’ घ्या! आजीही बाटली!

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म केली, तेव्हा काडी हातानं सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. आमचे फाळके स्टोरीबोर्डसुद्धा चॅटजीपीटीकडून लिहून घेतात आणि शेवटी ठळक अक्षरांत झळकतात: ‘संकल्पना व दिग्दर्शन’! लाज? ती कुठल्या शॉटमध्ये बसवायची?

आपण मात्र त्यातले नाही हं! मार्च २०२५ मध्ये एआयच्या जिबली चित्रांची साथ आली, तेव्हाही आपण नाकं मुरडलीच होती. डीपी बदलले ते नंतर, संध्याकाळी. आताही गॅलरीत जे तुकडे पडलेत, ते ‘सहज, जमतं का बघू’ म्हणूनच, नाही का? पण काही म्हणा, शॉट चारमध्ये वाफ अंमळ कमी पडलीय.