आडवी गिटार, उभा वादक

अकरावीत असताना मामाच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर मला गिटार सापडली. गणपतीचं मखर आणि फुटका कुकर यांच्या मधोमध ती पडली होती. मामा नोकरीला मस्कतला, म्हणजे विचारणार कोणाला? रद्दीवाल्याकडून 'घरबसल्या गिटार शिका' छापाचं पुस्तक आणलं आणि घासायला बसलो.

तारा लाकडापासून इतक्या उंच, की खालून पेन्सिल सरकावी. पुस्तकात एफ कॉर्ड होती. तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. मी दाबायचो, तारा कण्हायच्या, बोटं सोलवटायची. आई हळद लावता लावता म्हणायची, "त्यापेक्षा तबला शिक, तो निदान मऊ असतो." मला मात्र वाटायचं, साधना म्हणतात ती हीच.

सहा महिन्यांनी मामा सुट्टीवर आला आणि चपला काढायच्या आधीच हसायला लागला. "अरे गाढवा, ही हवाईयन! मांडीवर आडवी ठेवतात, तारांवरून पोलादी कांडी फिरवतात. दाबायचा प्रश्नच नाही, म्हणून तर तारा उंच!" मग त्याने व्हॅन शिप्लेंचं नाव घेऊन कान पकडले आणि 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवरच्या गिटारीतून राग कसे काढले, ते जेवण होईपर्यंत सांगितलं. थोडक्यात, मी सहा महिने हार्मोनियम फुंकून वाजवत होतो.

पुढे साधी, म्हणजे स्पॅनिश गिटार घेतली. हवाईयनवर सोलवटलेल्या बोटांना ती लोण्यासारखी लागली. एवढ्या भांडवलावर मला एका ऑर्केस्ट्रात घेतलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

ऑर्केस्ट्रात खरा राजा कीबोर्डवाला. बासरी, व्हायोलिन, सनई आणि, सांगायला लाज वाटते, गिटारसुद्धा त्याच्याच बटणांत. ऑक्टोपॅडवाला त्याचा सेनापती. मी चमकीचा शर्ट घालून डावीकडे उभा. मंडळाचे अध्यक्ष भाषण करत तेव्हा तार जुळवणं हे माझं मुख्य काम.

अखेर एका गणेशोत्सवात 'चुरा लिया' ठरलं. 1973 च्या 'यादों की बारात'मधल्या या गाण्यात गिटार वाजवली ती भूपिंदर सिंग यांनी, आणि सुरुवातीला कीबोर्डवाल्याला गप्प बसावं लागतं, असं हे एकमेव गाणं आमच्या यादीत होतं. महिनाभर मी ते पांढरी तीनमध्ये घोटलं.

गायिकेचा घसा बसला होता. तिने कीबोर्डवाल्याला खूण केली, त्याने ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबलं, झाली पांढरी दोन. मला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी काय? कॅपो लावून पट्टी चढवता येते, उतरवता येत नाही.

मी झोकात सुरुवात केली. समोर टाळ्या पडल्या. मग ती गायला लागली आणि मांडवात दोन गाणी सुरू झाली. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. साउंडवाल्याने निर्विकारपणे माझा आवाज शून्यावर आणला. उरलेलं गाणं मी डोळे मिटून, मान डोलावत, तन्मय होऊन वाजवलं. इतका चांगला मी त्याआधी कधीच वाजलो नव्हतो.

कार्यक्रम संपल्यावर एक आजी मुद्दाम भेटायला आल्या. म्हणाल्या, "तुझ्या वाद्याचा मेला मुळीच त्रास होत नाही हो."

वडापाव खाताना मी राजीनाम्याचं पुटपुटलो, तसे सगळे हादरले. कीबोर्डवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन.

"उद्या कल्याण. साडेपाचला बाबांची व्हॅन घेऊन ये. दोन स्पीकर, ऑक्टोपॅड आणि मॅडम तुझ्याकडे."

"आणि गिटार?"

"मागे जागा उरली तर आण."