चहाडखोर चारचाकी

अमेरिकेत सिएटलजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा गाडीचा विमा 2022 साली एकदम 21 टक्क्यांनी महागला. त्यांच्या हातून कधी अपघात झालेला नव्हता. विमावाल्यांनी बोट दाखवले लेक्सिसनेक्सिस नावाच्या माहितीच्या दलालाकडे. गृहस्थांनी तिथून स्वतःचा अहवाल मागवला, तर पाने निघाली 258! सहा महिन्यांतल्या 640 फेऱ्या. कधी निघालात, कधी पोचलात, किती मैल गेलात, कितीदा कचकन ब्रेक दाबलात. चहाडी केली होती दारात उभ्या असलेल्या शेवरोले बोल्टने. सोसायटीचा वॉचमनही आपल्या येण्याजाण्याच्या खबरा पुरवतो म्हणा, पण त्याला निदान दिवाळीची पोस्त देऊन गप्प करता येते.

ब्रेकची नोंद तर वाचण्यासारखी. पोरगं आडवं आलं, तुम्ही ब्रेक दाबला, पोरगं वाचलं. अहवालात जमा काय, तर ‘जोराचा ब्रेक’. पोरगं वाचल्याचा रकाना त्यात नाही. जो ब्रेक दाबतच नाही, त्याचा ब्रेकचा रकाना मात्र धुतल्या तांदळासारखा.

‘ग्राहकाने संमती दिली होती’ हे यावरचे ठरलेले उत्तर. संमती म्हणजे काय, हे 2023 मध्ये मोझिला फाउंडेशनने गाड्यांच्या 25 ब्रँडची गोपनीयतेची धोरणे वाचून दाखवले. पंचवीसच्या पंचवीस नापास! निसानच्या यादीत तर ग्राहकाच्या लैंगिक जीवनाची माहितीही होती. गिअरबॉक्सला तिचा काय उपयोग, ते इंजिनिअर जाणोत. सुबारूच्या धोरणात शेजारी बसलेला पाहुणाही ‘वापरकर्ता’. म्हणजे लिफ्ट मागणाऱ्याने आधी सोबत वकील घ्यावा.

बोल्ट बनवणारी जनरल मोटर्स आपल्या ओळखीची. 2017 च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणे थांबवले, पुढे तळेगावचा कारखानाही बंद केला. ज्यांच्या दारात जुनी बीट अजून तग धरून आहे, त्यांनी तिला जपावे. तिच्यातून फार तर ऑइल गळेल.

बोभाटा झाल्यावर, मार्च 2024 मध्ये, कंपनीने दलालांना माहिती देणे थांबवले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तडजोड जाहीर केली. गाडी कुठे आहे याची नोंद कधीकधी दर तीन सेकंदांनी होत होती, असा आयोगाचा आरोप. त्यावरचा उपाय म्हणजे पतअहवाल देणाऱ्या कंपन्यांना ही माहिती पाच वर्षे पुरवायची नाही. त्या आदेशात दंडाचा एक डॉलरही नव्हता. विम्याचा हप्ता वाढवायला मात्र कुणाला आयोग लागला नव्हता.

तिकडे काहींची नावे ही माहिती पुरवण्याच्या योजनेत शोरूममध्येच परस्पर नोंदवली गेली होती. तेव्हा नव्या गाडीच्या डिलिव्हरीला, हार-नारळाच्या गडबडीत, सेल्समनने टॅब पुढे करून ‘इथे फक्त ओके करा सर’ म्हटले, तर पेढा खुशाल खा; बोट मात्र आवरा.