वतनदारांचे पत्ते

आयपीव्ही४ व्यवस्थेत इंटरनेटचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. सुरुवातीला ते मागेल त्याला मिळत. फोर्ड मोटर कंपनी आणि एमआयटी यांच्या पदरी प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पडले. ‘गरज सिद्ध करा’ ही अट कडक होत गेली ती मागाहून येणाऱ्यांसाठी. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला. एप्रिलपासून आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपनिकने प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, असा समन्यायी नियम लावला. जुनी वतने अर्थातच शाबूत राहिली. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले. बाजाराने मात्र गरजेचा पुरावा फक्त पैशांत मागितला. नव्वदच्या दशकातच तयार झालेल्या आयपीव्ही६ या पुढच्या व्यवस्थेत भांडण्याइतकी टंचाईच नव्हती. कदाचित म्हणूनच त्याकडे वळण्याची घाई कोणी केली नाही.