बिलात न धरलेलं

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावातल्या मेडिकलमध्ये संध्याकाळी जाऊन उभं राहावं. रांग हा प्रकार तिथे नाही; ज्याची पिशवी काउंटरवर आधी टेकते त्याचा नंबर. आणि गिऱ्हाईक औषध मागत नाही, हकिकत सांगतं. ‘मागल्या वेळची ती पिवळी गोळी’ एवढ्यावर दुकानदाराने तपास लावायचा. कुणी अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागतं, ‘बरं वाटलं तर पुढचं बघू.’ त्याला नाही म्हणायचं आणि गिऱ्हाईकही टिकवायचं, हे डी. फार्म.च्या दोन वर्षांत शिकवत असतील असं वाटत नाही.

रक्तदाबाच्या आजीला डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. ‘वरून मीठ मी घेतच नाय,’ आजी सांगते, आणि ते खरंच असतं. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांची बेगमी म्हणून तिच्या घरात काय काय खारवून ठेवलंय, ते डॉक्टरांच्या केबिनमधून दिसत नाही. मेडिकलवाल्याला ते येताजाता नाकाने कळतं.

‘आजी, आधी खारा बांगडा कमी करा.’

‘मग पावसात जेवू कशाशी रं?’

मासा पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि खायचा तो आठवड्यातून एकदाच, अशी तडजोड होते. आजी कितपत पाळते, हा प्रश्न वेगळा.

आजोबांची तऱ्हा निराळी. मुलाने मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्या पाठवलेल्या, इथल्या डॉक्टरांच्या चालूच. नावं वेगळी, रंग वेगळे. आजोबा दोन्ही इमानाने घेतात. आता पाय सुजले म्हणून तिसरी गोळी मागायला आलेत. दुकानदार दोन्ही पत्ते उलटे करून बारीक अक्षरं वाचतो: दोन्हीकडे रक्तदाबाचं तेच औषध, अम्लोडिपिन! तो तिसरी गोळी विकत नाही, डॉक्टरांना फोन लावतो. म्हणजे कमाई शून्य, वर एका पत्त्याची विक्री कायमची गेली.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि कित्येक गावांची वीज दिवसच्या दिवस गेली. इन्सुलिन ठेवायचं 2 ते 8 अंशांत, आणि फ्रिजचं कपाट झालेलं. अशा वेळी चालू असलेली बाटली चार आठवडे बाहेर, थंड जागी, चालते, ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवली तर उत्तम, हे सांगणारं माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही चैन नव्हे.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषध कसं घ्यावं, काय टाळावं, हे समजावणं फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे. पांढरा कोट आणि नावाचा बिल्लाही सांगितलाय. (मे महिन्यातल्या मुरूडमध्ये पांढरा कोट! नियम करणारे एकदा तिथे राहून आले असते तर बरं.) अर्थात, फार्मासिस्टचं नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर हजर आणि गोळ्या बारावी नापास पोरगा देतोय, अशीही दुकानं आहेत. तिथे आजोबांना तिसरी गोळी मिळतेच.

हल्ली मोबाइलवरून औषधं स्वस्तात घरपोच येतात. परवा एक गृहस्थ तो खोका न फोडताच मेडिकलमध्ये घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘भाऊ, जरा उघडून बघ ना, यातली कुठली जेवणाआधी?’ भाऊंनी कात्री शोधली.