कॉट बेसिसवरील इसमाने खरेदी कशी करावी

प्रस्तुत मार्गदर्शिका भोसरी, मोशी, चिखली, तळवडे, कुरुळी, महाळुंगे आणि चाकण या पट्ट्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहणाऱ्या, वय वर्षे २० ते २७, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या आणि कंपनीत 'ट्रेनी' अथवा 'कॉन्ट्रॅक्टवर' असलेल्या अविवाहित इसमांना लागू राहील. हिंजवडीच्या इसमांना ती लागू नाही. पैसे घालवण्याची त्यांची ॲप वेगळी आहेत. मसुदा एका भाच्याच्या प्रदीर्घ निरीक्षणातून तयार झाला आहे. सदर भाचा मूळचा उदगीरकडचा, सध्या मुक्काम मोशी. आपल्यावर कोणी लिहितंय याची त्याला कल्पना नाही. तो छापील काही वाचत नाही, फुकट मिळालं तर मात्र घेऊन ठेवतो.

कलम १. व्याख्या. 'केवढ्याला घेतलं?' या प्रश्नाचं उत्तर देताना ज्या वस्तूपायी आवाज चढतो ती स्वस्त आणि जिच्यापायी उतरतो ती महाग. शेजारच्या कॉटवर दिसते ती चैन. तीच आपल्या कॉटवर आली की गरज. 'हातात किती येतात' हा आकडा इसम आईला एक सांगतो, मित्रांना दुसरा आणि बँकेचा मेसेज तिसरा सांगतो. या मार्गदर्शिकेत बँकेचा धरावा.

कलम २. वार. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी विसावा घ्यायचा आणि उरलेले सहा दिवस विजेवर ताण आणायचा, असं होऊ नये म्हणून भागाभागाला वेगळा वार वाटला गेला आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. महावितरणचीही दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात. म्हणजे आठवडाभर थर्ड शिफ्ट करून इसम सुट्टीला आडवा झाला की डोक्यावरचा पंखा थांबतो. पत्र्याच्या खोलीत पंख्याशिवाय झोप लागत नाही. मग तो उठतो, तोंड धुतो आणि बाजारात जातो. आमच्या भागातल्या निम्म्या खरेदीचं मूळ विजेच्या तारेत आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ज्यांना सुट्टी शनिवारी मिळते त्यांनी चाकणचा बाजार करावा. तिथे कांदा आहे, बटाटा आहे, जनावरं आहेत. कॉट बेसिसवर बैल ठेवता येत नाही, पण व्यवहार पाहून घ्यायला हरकत नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची जुनी रीत. तोंडाने दोघेही पाऊसपाण्याचं बोलत असतात. आपला इसम दुकानात शिरतो आणि पहिल्याच वाक्यात खिशात किती आहेत ते सांगून टाकतो.

कलम ३. पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांची ही वसाहत. सगळं मागे टाकून आलेल्यांनी इथे कापडाचा तागा उलगडून पुन्हा धंदा उभा केला. त्यांच्या नातवाशी भाव करायला जाताना इतका इतिहास ठाऊक असावा, म्हणजे फाजील आत्मविश्वास राहत नाही. शगुन चौकात उतरल्यावर सर्वप्रथम गळ्यातलं आयकार्ड काढून खिशात टाकावं. कार्डावर मोठ्या कंपनीचं नाव ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरांत ठेकेदाराचं. दुकानदार फक्त वरची ओळ वाचतो. पगार खालच्या ओळीतून येतो, हे त्याला समजावून सांगेपर्यंत भाव पन्नासने चढलेला असतो.

पुढची पायरी : जी वस्तू हवी तिच्याकडे न बघता शेजारचीला हात लावणे. त्यापुढची : 'बघू' म्हणून दुकानातून बाहेर पडणे. पावलं सावकाश टाकावीत, मान वळवू नये. हाक आली तर परतावं. नाही आली तर दुकानदाराने सांगितलेला भाव बहुतेक खरा होता, हे समजून घ्यावं. आमच्या भाच्याला जीन्सच्या दुकानातून हाक आली नाही. त्याने पुढच्या गुरुवारी रूममेटला पाठवलं. रूममेटने तीच जीन्स वीस रुपये जास्त देऊन आणली आणि वर ते वीस रुपये भाच्याकडून वसूल केले.

कलम ४. प्रवासखर्च. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचा दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांना झाला. साठ रुपये वाचवण्यासाठी सत्तर रुपयांचा पास काढू नये, हा नियम इतका उघड आहे की तो लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. परंतु इसमाचं म्हणणं असं, की पास 'वसूल' करता येतो. मग तो पिंपरीहून निगडी, निगडीहून मनपा, मनपाहून हडपसर असा फिरतो. कुठेही काम नसतं. रात्री मोशीला उतरताना त्याने तिकिटांचे किती वाचवले याचा हिशोब तयार असतो आणि जीन्स बसमध्ये राहिलेली असते.

यावर मी त्याला वेळेची किंमत समजावून सांगितली. त्याने शांतपणे विचारलं, "मामा, माझा गुरुवार कोण विकत घेतंय?" कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, पण ओव्हरटाइम ऑर्डर आली की मिळतो, आपण म्हणू तेव्हा नाही. न विकल्या जाणाऱ्या मालाची किंमत शून्य धरायची, हे त्याचं गणित. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी याचं उत्तर द्यावं. मी चहा मागवला.

कलम ५. डीमार्ट. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही. हल्ली पाकिटावर छापील किमतीजवळ ग्रॅममागची किंवा मिलिलिटरमागची किंमतही दिलेली असते, ती वाचावी. कॉट बेसिसवर राहताना कपड्यांची पाच किलो पावडर घेऊ नये. खोली बदलताना ती डोक्यावरून न्यावी लागते.

कलम ६. मेस. खाडा आदल्या दिवशी सांगावा. रविवारची फीस्ट चुकवू नये, आणि फीस्टच्या संध्याकाळी मेस बंद असते हे दर रविवारी नव्याने शोधून काढू नये. सहा दिवस वाचवलेले पैसे त्या एका संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर जातात. ही गळती कोणत्याही कायझेनने बंद झालेली माझ्या पाहण्यात नाही.

कलम ७. जिथे घासाघीस निषिद्ध आहे. हे कलम भिंतीवर चिकटवावं. डोकं, पाय आणि पाठ यांना जे लागतं ते स्वस्तात शोधू नये.

हेल्मेट : पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेट मिळतात. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मानक क्रमांक ४१५१. आता चिन्ह सक्तीचं झालं म्हटल्यावर चिन्हाचे स्टिकरही आले. तेव्हा नुसतं स्टिकर बघू नये. आतलं अस्तर बाजूला करून दाट थर्माकोल आहे का ते पाहावं, पट्टा जोरात ओढून पाहावा. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यावं. मित्राने 'वापरतोस का?' म्हणून दिलेलं हेल्मेट मित्राने का सोडलं, ते आधी विचारावं.

सेफ्टी शूज : मानक १५२९८. दुसऱ्याचे वापरलेले घेऊ नयेत. त्यांना दुसऱ्याच्या पायाचं वळण असतं आणि आठ तास उभं आपल्याला राहायचं असतं.

गादी : आमचा भाचा दीड वर्ष यंत्राच्या खोक्यातून निघालेल्या पॅकिंगच्या फोमवर झोपला. फोमवर 'ही बाजू वर' असा बाण होता. बाण भिंतीकडे आणि भाचा उलटा. हा फोम कुदळवाडीत भंगारात मिळालेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली, तेव्हा त्याने घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा केला होता. ज्यांचे धंदे त्यात गेले त्यांचं दुःख वेगळं आणि खरं आहे. भाच्याचं दुःख असं, की आता गादी विकत घ्यावी लागेल. अद्याप घेतलेली नाही.

आणि झोप. इथे मार्गदर्शिकेची भाषा थोडा वेळ बाजूला ठेवतो. थर्ड शिफ्ट संपवून सकाळी आलेलं पोर एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली चार तास तळमळतं आणि कूलर 'परवडत नाही' म्हणतं. अरे, किती परवडत नाही? साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो. दहा तास चालला तर दोन युनिट. खोलीमालकाने सबमीटरवर युनिटला दहा रुपये लावले तरी वीस रुपये झाले, आणि खोलीत चौघे जण आहात. माणशी पाच रुपये. वडापावही येत नाही त्यात. पंख्याची गोष्ट याहून न्यारी. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. पण पंखा मालकाचा आणि बिल पोरांचं, त्यामुळे तो बदलायचं कारण मालकाला नाही आणि हक्क पोरांना नाही. तेवढं सोडून द्या. कूलर मात्र घ्या. प्रेस शॉपमध्ये अर्धवट झोपेत उभ्या राहणाऱ्याने स्वतःला काटकसरी म्हणवून घेऊ नये. बोटं सेकंड हँड मिळत नाहीत.

असो. कूलर मृगाचा पाऊस पडल्यावर जून-जुलैत घ्यावा. खोल्या सोडून गावी निघालेली मुलं तो कवडीमोलाने देतात. घेताना मोटर चालवून बघावी, टाकीत पाणी भरून तळ गळतो का ते पाहावं. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्यावर कपडे वाळत घालता येतात.

कलम ८. हप्ते. केळीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारा इसम चाळीस हजारांचा मोबाइल 'नो कॉस्ट'वर उचलतो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना फटकारलं होतं. आता व्याज तितक्याच रकमेची सूट दाखवून झाकतात. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्यालाच भरावी लागते. रोखीने घेतलं तर किती, हा प्रश्न आधी विचारावा. बरेचदा तिथेच उलगडा होतो. पण माझा आक्षेप निराळा आहे. नोकरीचा करार अकरा महिन्यांचा आणि हप्ते अठरा महिन्यांचे. उरलेले सात महिने कोण भरणार, या प्रश्नावर भाचा मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल बोलू लागतो.

देहू इथून जवळ. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ती लोकांकडून येणं असलेली खतं होती. आपण देणं असलेली बुडत नाहीत.

कलम ९. जुनी बाइक. टायरच्या कडेला छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. 'फक्त कॉलेजला जायला वापरली' म्हणणाऱ्याला ते आकडे वाचून दाखवावेत. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघावं आणि नाव लगेच बदलून घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुनीचा भाव करताना नव्या किमतीची आठवण द्यायला विसरू नये. शिफ्टभर शेकडो गाड्या ज्याच्या हाताखालून जातात तो मुलगा चाकणच्या तळेगाव चौकात शेअर रिक्षाच्या चौथ्या सीटवर अर्धा बाहेर लटकून येतो, हे मला बघवत नाही. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "मामा, तुमचं बरोबर आहे, तुम्ही पर्मनंट होता." यावर कलम सुचत नाही.

कलम १०. अपवाद. वरील सर्व कलमं दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात निलंबित राहतील. त्या आठवड्यात इसम ट्रॅव्हल्सचं तिकीट वाटेल त्या भावाला काढतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. गेल्या दिवाळीत मी भाच्याबरोबर चिंचवडच्या एका दुकानात होतो. त्याने आईसाठी मिक्सर घेतला. तीन भांड्यांचा, साडेसातशे वॅटचा. मी सवयीने शेजारच्या मिक्सरला हात लावला, 'बघू' म्हणालो, दाराकडे दोन पावलंही टाकली. वळून बघतो तर हा पैसे देऊन मोकळा. छापील किमतीला! बहिणीसाठी ड्रेस घेतला तोही तसाच. मग स्वतःसाठी बनियन घ्यायला आम्ही पदपथावर गेलो आणि तिथे त्याने तीन बनियनांवर पाऊण तास घातला.

गावी गेल्यावर आईने विचारलंच, केवढ्याला घेतला. त्याने निम्मी किंमत सांगितली. कलम १ प्रमाणे आवाज चढवून सांगितली असणार.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी माझ्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या आईचा, मला फोन. म्हणाली, "दादा, पोरगं दिवाळीला मिक्सर घेऊन आलंय. पण फसवलं बघ त्याला. उदगीरला याहून कमीत मिळाला असता. इतकी वर्षं तू तिकडं हायेस, त्याला जरा भाव करायला शिकव की."

सबब ही मार्गदर्शिका.